पोच

वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊन बाहेर आलेल्या माणसाला सोबतचे लोक पहिल्यांदा एकच विचारतात : "पोच घेतली का?" साहेब काय म्हणाले, कागद कोणी वाचला का, हे सगळं नंतर. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख पडली की अर्धं काम झालं असं आपण धरून चालतो. पण 'त्याला पोच नाही' असंही आपण म्हणतो, तेव्हा पोच म्हणजे समज. सरकारचं धोरण पटत नाही हे सरकारलाच लिहून कळवायचं, ही कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षं या दोन अर्थांच्या मधे हेलकावे खाते आहे.

आमचे वडील आमदारांना पोस्टकार्ड लिहायचे. सेलू तालुक्यातली कोरडवाहू शेती, कापसाचा चुकारा महिनोन् महिने अडकलेला. कार्डाची सुरुवात 'साष्टांग नमस्कार' आणि शेवट 'आपला आज्ञाधारक'. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली होती. मी म्हटलं, "बाबा, आमदार तुमच्या मतावर निवडून आला. मग आज्ञाधारक तुम्ही कसे?" ते शांतपणे म्हणाले, "पत्राची रीत असते रे बाप्पा."

रीत जुनीच होती. राजाकडे, मग कंपनी सरकारकडे अर्ज करायचा तो दयेसाठी. अर्जदाराने आपली दैना सांगायची, धोरणाबद्दल बोलायचं नाही. या रीतीत मोठी फट पाडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने. १८७० साली ही सभा सुरू झाली तेव्हा सुमारे ६,००० लोकांनी ९५ जणांना आपले प्रतिनिधी म्हणून निवडलं, आणि त्यासाठी कागद वापरला तो कोर्टकचेरीतला : मुखत्यारनामा. मला ही युक्ती फार आवडते. निवडणूक नाही, मताधिकार नाही, पण वकिलाला जसं मुखत्यार नेमतात तसं बोलण्यासाठी माणूस नेमता येतो हे त्यांनी हेरलं. १८७५ मध्ये याच सभेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला की तिथे हिंदुस्थानचेही प्रतिनिधी असावेत. भाषा नम्र, मागणी मात्र दयेची नव्हती. पुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं आणि सरकारला थेट हिशेबच विचारला : सारा शेतकऱ्याकडून घेता आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावर करता, तो कसा? आज आपण धोरणाला विरोध म्हणतो तो इथे मला स्पष्ट दिसतो.

गांधीजींनी बदलला तो मायना. २ मार्च १९३० रोजी साबरमतीहून व्हाइसरॉय आयर्विनला पत्र गेलं, ते 'प्रिय मित्र' असं सुरू होतं. त्यात व्हाइसरॉयचा पगार मांडलेला होता, महिना २१,००० रुपयांच्या घरात, म्हणजे रोजचे ७०० रुपयांहून जास्त. आणि शेजारी सामान्य हिंदी माणसाची रोजची मिळकत, जेमतेम दोन आणे. मिठाचा कर हटला नाही तर आपण काय करणार, हेही आधीच सांगून टाकलं होतं. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज तरुणाने ते पत्र हातोहात नेऊन दिलं. उत्तर आलं ते व्हाइसरॉयच्या खासगी चिटणिसाकडून, चार ओळींचं. १२ मार्चला दांडीची वाट धरली गेली. मी बरीच वर्षं समजत होतो की हे पत्र वाया गेलं. आता वाटतं, त्या पत्राने आयर्विनला बांधलं नसेल, लिहिणाऱ्याला मात्र नक्की बांधलं. जे लिहिलं ते करावंच लागलं.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलेले गांधीजी पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात राहायला गेले. आणि इथे टपालाने एक गंमत केली. विदर्भात दुसरं शेगाव होतंच, रेल्वेच्या वाटेवरचं, गजानन महाराजांचं. पत्रं तिकडे जायची. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव सेवाग्राम झालं. पत्रं नीट पोचावीत म्हणून गावाने नाव बदलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

समोर परका व्हाइसरॉय असताना विरोधाचं पत्र लिहिणं एका अर्थी सोपं होतं. आपल्याच माणसाला लिहिताना पेन अडखळतं. १९५१ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा घेऊन नियोजन आयोगाचे सदस्य आर. के. पाटील विनोबा भाव्यांकडे आले. विनोबांना तो मसुदा पटला नाही आणि त्यांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं. देश अन्नात स्वावलंबी होण्याचं काय, हा त्यांचा मुख्य आक्षेप. नेहरूंनी पत्र लिहून दिल्लीला चर्चेसाठी बोलावलं. विनोबांनी कळवलं, येतो, पण पायी येतो. १२ सप्टेंबरला त्यांनी वर्ध्याजवळचं पवनार सोडलं आणि सुमारे आठशे मैल चालत, वाटेत भूमिहीनांसाठी जमीन मागत, दोन महिन्यांनी ते राजघाटावर पोचले. योजना त्यांच्या मनासारखी झाली नाही. पण पंतप्रधानाने विरोधकाला पत्र धाडावं आणि त्याने त्याचं उत्तर पायांनी द्यावं, एवढी पोच, दोन्ही अर्थांनी, नंतर क्वचितच दिसली.

कारण नंतर पत्राचं निवेदन झालं. 'प्रति, मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई. मार्फत, मा. जिल्हाधिकारी, वर्धा.' या 'मार्फत'मध्ये पत्र कुठे विरघळतं ते कळत नाही. विषय, महोदय, तीव्र आंदोलन छेडण्यात येईल याची नोंद घ्यावी, खाली सह्या आणि एक फोटो. आंदोलन छेडलं जात नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. माहितीच्या अधिकाराने २००५ नंतर एक मोठी गोष्ट केली : तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक झालं. पण ते माहितीला. 'मला हे पटत नाही' याला उत्तर देण्याची मुदत त्या कायद्यात नाही.

विनोबांच्या त्याच पवनारपासून आता शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. मूळ आखणीत गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. विरोध सर्वांत मोठा उठला तो दुसऱ्या टोकाला, कोल्हापूर-सांगलीकडे. तिथल्या शेतकऱ्यांनी नुसती निवेदनं दिली नाहीत, हरकती नोंदवल्या. हरकतीला गट नंबर लागतो, क्षेत्र लागतं, विहीर-झाडं लिहावी लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली; २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने याच महामार्गाच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. म्हणजे जिंकलं कोण, हे अजून ठरायचंय.

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबारा आणि सोसायटीच्या पासबुकाखाली कार्डांच्या नकला होत्या, वहीच्या पानांवर उतरवलेल्या. शेवटच्या काही नकलांत 'आज्ञाधारक' खोडलेलं होतं. त्याजागी आधी 'विश्वासू' लिहिलं होतं, मग तेही खोडलं होतं. शेवटी राहिलं होतं फक्त नाव, गाव आणि गट नंबर.