मिथ्या आकाशातील आचार

जे मिथ्या आहे असे आपण पक्के जाणतो, त्यापासून सत्याचे ज्ञान होऊ शकते काय, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनाला मुळीच नवा नाही. परंतु दिवसभराचे कामकाज आटोपून एखादा गृहस्थ रात्री आपल्या खोलीतील रुंद, वक्र पडद्यासमोर बसतो आणि लोहगावच्या धावपट्टीवरून उड्डाण करून सह्याद्रीचे कडे ओलांडतो, अशा काळात तो नव्याने विचारणे क्रमप्राप्त झाले आहे. या उद्योगाला पोरखेळ म्हणून निकालात काढण्याचा शिरस्ता आपल्याकडे रूढ आहे. पण दुसऱ्या पक्षाची कैफियत न ऐकता दिलेला निकाल न्यायाचा ठरत नाही.

प्रथम त्या आभासाचे स्वरूप पाहू. ४९ इंची अतिरुंद मॉनिटरची रुंदी सुमारे १२० सेंटिमीटर असते, आणि त्याची वक्रता १०००आर असली म्हणजे तो एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस होतो. त्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी डोळा ठेवला असता पडद्याचा मध्य आणि त्याच्या दोन्ही कडा डोळ्यापासून सारख्याच अंतरावर येतात व दृष्टीचे सुमारे ७० अंश व्यापले जातात. सेस्ना १७२ हे छोटे विमान उतरण्यासाठी डावीकडे वळत असताना साध्या पडद्यावर धावपट्टी शोधण्यासाठी बटन दाबून दृश्य फिरवावे लागते. येथे ती डाव्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात, आधीच उगवलेली असते. क्षितिज कलते, खालची शेते कडांकडून मागे वाहू लागतात, आणि खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर नकळत कलून त्याचा पाय रडर पेडलवर दाब देतो. शेजारच्या फलाटावरील गाडी सुटली की आपलीच गाडी चालू झाल्याचा भास व्हावा, तसाच हा प्रकार आहे. डोळ्याच्या कडांशी येणारी गती मेंदू स्वतःच्या देहाची गती म्हणून स्वीकारतो. बुद्धीला सर्व ठाऊक असते, तरीही देह फसतो.

येथे आक्षेपक म्हणेल की, फसवणूक ही पडद्याची, खऱ्या विमानात मात्र सर्व खरे असते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. खरे विमान ढगात शिरून एकाच वेगाने वळत राहिले, तर कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव १० ते २० सेकंदांत त्या गतीशी समरस होतो आणि वैमानिकाला आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. विमान खरोखर सरळ केले की उलट दिशेला वळल्याचा भास होतो, आणि त्या भासाच्या आहारी जाऊन अनेकांनी प्राण गमावले आहेत. अशा वेळी देहाची साक्ष खोटी ठरते आणि काचेमागे रंगवलेले कृत्रिम क्षितिज खरे ठरते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ साली ऑर्गनचे भाते वापरून जे शिक्षणयंत्र बनविले, त्याची किंमत जगाला याच कारणाने कळली: १९३४ मध्ये टपालवाहतुकीचे काम सैन्याकडे सोपविण्यात आले, खराब हवेत अनेक सैनिकी वैमानिक मृत्यू पावले, आणि मग सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. त्या झाकणबंद पेटीत शिरलेल्या शिष्याला बाहेरचे आकाश मुळीच दिसत नसे. आपल्या देहाच्या साक्षीवर भिस्त न ठेवता काट्यांवर ठेवण्याची विद्या तो त्या अंधारात शिकत असे.

असत्यातून सत्य कसे निपजते, या शंकेचा परामर्श शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात घेतला आहे. प्रतिपक्ष विचारतो की, दोरीवर भासलेल्या सापाच्या दंशाने जर कोणी मरत नाही, तर मिथ्या जगातील उपदेशाने खरे ज्ञान कसे होणार? आचार्यांचे उत्तर असे की, विष अंगात गेल्याच्या नुसत्या शंकेनेही माणसे मेलेली आढळतात. आणि स्वप्नात स्नान केलेला मनुष्य जागा झाल्यावर ते स्नान खोटे मानतो, परंतु स्नानाची जी जाणीव झाली, ती झालीच नव्हती असे म्हणत नाही. दृश्य बाधित होते, अवगती बाधित होत नाही. आजच्या विमानविद्येने या सिद्धांताला व्यवहाराचा दाखला पुरविला आहे: अनुभवी वैमानिकाला नव्या जातीच्या विमानाचे शिक्षण संपूर्णपणे उच्च दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये घेण्याची मुभा असते, आणि ते विमान तो पहिल्यांदा प्रत्यक्ष हाकतो तेव्हा, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली का होईना, मागे प्रवासी बसलेले असू शकतात. घरातील पडद्याला तो अधिकार नाही. पण तत्त्व तेच आहे.

तरीही मिथ्या आकाशाला एक गोष्ट देता येत नाही, ती म्हणजे फळ. तेथे विमान डोंगरावर आदळले तर एक कळ दाबून पुन्हा धावपट्टीवर उभे राहता येते; इंधन अक्षय ठेवता येते, वादळ बंद करता येते. जेथे कोणी मरत नाही आणि कोणी जाब विचारत नाही, तेथील कर्माला नैतिक मूल्य कोठून येणार, हा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो, आणि गीतेतील निष्काम कर्माचा हवाला देऊन त्यातून सुटता येणार नाही. कारण फळच नसणे आणि असलेल्या फळाचा त्याग करणे या दोन सर्वथा भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून त्याग कोठे घडतो, हे बारकाईने पाहिले पाहिजे. पावसाळ्याची रात्र, मुंबईच्या धावपट्टीकडे यंत्रांच्या आधाराने उतरणारे विमान, आणि २०० फुटांची निर्णयाची उंची आली तरी काचेपलीकडे केवळ राखाडी ढग, अशी कल्पना करा. आणखी दोन क्षण खाली जाऊ दिले तर दिवे दिसतील असा मोह होतो, आणि न दिसले तरी काही बिघडणार नाही हेही ठाऊक असते. अशा वेळी जो थ्रॉटल पुढे सारतो, नाक वर उचलतो, गो-अराउंड करून तो लांबलचक फेरा नियमानुसार पुन्हा घालतो, त्याने खरोखर काही तरी सोडलेले असते: त्याने हाताशी आलेली सवलत सोडलेली असते. भय त्याला रोखत नाही, कौतुक त्याला ओढत नाही. केवळ जे करणे उचित ते तो करतो. प्रत्यक्ष विमानात हाच निर्णय मृत्यूच्या भयानेही होऊ शकतो. त्यामुळे तेथे त्यातील धर्मबुद्धीचा अंश वेगळा काढून दाखविणे कठीण. भय वजा केल्यावर जेवढी शिस्त शिल्लक उरते, तेवढीच आपली स्वतःची कमाई होय, आणि ती मोजण्याची इतकी स्वच्छ संधी व्यवहारात क्वचितच मिळते.

अमृतानुभवात अज्ञानाचे खंडन करून ज्ञानेश्वरांनी हे दृश्य जग चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. त्या परंपरेत वाढलेल्या आपण तरी आभासाचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. मनुष्याची आडवी दृष्टी सुमारे २०० अंशांची असल्यामुळे आजच्या पडद्याच्या दोन्ही अंगांना खोलीच्या भिंती अजून दिसतात. उद्या कदाचित त्याही झाकल्या जातील, आणि तेव्हा खरे किती हुबेहूब वठले याची चर्चा अधिकच रंगेल. त्या चर्चेने मूळ प्रश्न सुटणार नाही. जबाबदारी हा दृश्याचा गुण नसून पाहणाऱ्याचा आहे; म्हणून ज्या ठिकाणी ती टाळण्याची पूर्ण मुभा आहे त्या ठिकाणीही जो ती पाळतो, त्याचे आकाश मिथ्या म्हणता येईल, त्याचा आचार मिथ्या म्हणता येणार नाही.