तोंडओळख

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून घरातली मोठी माणसे जरा लवंडली असताना, माझा भाचा माझ्यासमोर येऊन बसला. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा हा मुलगा सुट्टीला येताना पुस्तके आणीत नाही, एक पिशवी घेऊन येतो. त्या पिशवीत जुन्या विलायती तबकड्या असतात. मुंबईच्या चोरबाजारात आणि फुटपाथवर हिंडून त्याने त्या जमवलेल्या आहेत. आमच्या घरी त्या वाजवायला यंत्र नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरीही तो त्या आणतो.

"मामा, एक गंमत दाखवतो," म्हणून त्याने एक पुठ्ठा काढला. त्या पुठ्ठ्याला मधोमध रुपयाएवढे भोक पाडलेले होते. खेळ असा की, मी पिशवीतली कोणतीही तबकडी काढावयाची, तिच्या वेष्टनावर हा पुठ्ठा कुठेही ठेवावयाचा, आणि भोकातून दिसेल तेवढ्या तुकड्यावरून त्याने तबकडीचे नाव सांगावयाचे. पहिल्याच भोकातून मला एक अनवाणी पाऊल आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसला. "ॲबी रोड, बीटल्स, १९६९," भाचा चकली मोडता मोडता म्हणाला. नंतर काळ्या जमिनीवर एक रंगीत पट्टा दिसला. "डार्क साइड ऑफ द मून, पिंक फ्लॉइड, १९७३." नंतर काटक्यांची टोके दिसली. "झेपेलिन चार, १९७१." बारापैकी बारा बरोबर. शाळेत असे उत्तर देणाऱ्या मुलाला मी शाबासकी दिली असती.

परंतु मास्तराची खोड वाईट. दुसरे वेष्टन मी सबंध हातात घेतले. त्यावर काचेचा लोलक काढलेला आहे, एका बाजूने पांढरा किरण येतो आणि दुसऱ्या बाजूने रंग फुटून बाहेर पडतात. मी बोट ठेवून मोजू लागलो: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. सहाच! 'तानापिहिनिपाजा' या आमच्या पाठातला 'पा' कुठे गेला? हिप्नॉसिस नावाच्या लंडनच्या चित्रशाळेने हे वेष्टन तयार केले आणि जॉर्ज हार्डी याने ते रेखाटले. रेखाटताना त्यांनी पारवा सरळ गाळून टाकला. भाच्याने हे चित्र हजार वेळा पाहिले असेल, पण रंग कधी मोजले नव्हते. तो जरासा ओशाळला. मला मात्र एका प्रश्नाने धरले. ज्याला हे चित्र रुपयाएवढ्या भोकातून ओळखता येते, त्याने ते पाहिलेले नाही, हे कसे? की ओळखता येते म्हणूनच पाहण्याची गरज उरत नाही?

आपल्या भाषेत 'ओळख' हा एक मोठा लबाड शब्द आहे. चोराची ओळख पटते तीही ओळख, आणि दोन घराण्यांची तीन पिढ्यांची असते तीही ओळखच. म्हणून शहाण्या माणसांनी तिच्यामागे 'तोंड' जोडून 'तोंडओळख' असा शब्द केला असावा. संस्कृत माझे शाळेपुरतेच, कारण आमची मजल मॅट्रिकपर्यंतच. तरी आपल्या शास्त्रकारांनी ओळखण्याच्या क्रियेवर पुष्कळ डोके शिणवले आहे, एवढे मला ठाऊक आहे. 'तोच हा देवदत्त' हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला असे दोन देवदत्त एक झाले की ओळख पुरी होते. पण पूर्वी जर फक्त त्याचे पागोटेच पाहिले असेल तर? दुष्यंताची गोष्ट आपण जाणतोच. प्रत्यक्ष शकुंतला समोर उभी असताना राजाला ओळख पटत नाही, आणि पुढे अंगठी दिसते तेव्हा तो ढसढसा रडतो. मला लहानपणापासून वाटत आले आहे की, हा शापाचा नव्हे, स्वभावाचा दोष असावा. असो.

बारकावे पाहणारा प्रत्येकजण जाणता असतो असेही नव्हे. त्या अनवाणी पावलाचीच हकीकत घ्या. ८ ऑगस्ट १९६९ रोजी इअन मॅकमिलन या छायाचित्रकाराने लंडनमधल्या ॲबी रोडवर हा फोटो काढला. पुढे पांढऱ्या कपड्यांतला लेनन, मागे काळ्या पोशाखातला रिंगो, नंतर अनवाणी मॅकार्टनी, शेवटी निळ्या जाड्याभरड्या कपड्यांतला हॅरिसन. त्याच वर्षी अमेरिकेत आवई उठली की, मॅकार्टनी केव्हाच मेला असून हा त्याचा तोतया आहे. पुरावा म्हणाल तर वेष्टनावर! तो अनवाणी आहे, इतरांशी त्याचे पाऊल जुळत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या मोटारीच्या नंबरात '२८ आयएफ' अशी अक्षरे आहेत, म्हणजे 'जगला असता तर अठ्ठावीस वर्षांचा असता'! मॅकार्टनीचा जन्म जून १९४२ चा. मरो वा जगो, त्या वेळी तो सत्तावीसच वर्षांचा होता. इतकी सूक्ष्म नजर असलेल्या लोकांना साधी वजाबाकी करावीशी वाटली नाही. शेवटी 'लाइफ' साप्ताहिकाच्या माणसांना त्या बिचाऱ्याच्या शेतावर जाऊन तो जिवंत असल्याचे छापावे लागले.

तबकडीला चित्राचे वेष्टन असावे, ही कल्पना तशी अलीकडची. १९४० च्या सुमारास अमेरिकेत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने ती रूढ केली. तोपर्यंत साध्या कागदी वेष्टनांचे राज्य होते. आपल्याकडे वेष्टन कसलेही असो, मधल्या गोल कागदावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असला म्हणजे झाले. तो कुत्रा मालकाचा आवाज ओळखतो आहे असे ते चित्र. त्याला वेष्टनाची गरज नव्हती!

आता खरी गोष्ट सांगतो. आमचा खेळ चालू असताना माझी आई पानाचा डबा घेऊन आली. भाच्याच्या पिशवीतून एक वेष्टन बाहेर डोकावत होते. अनेक मुखांचे, अनेक हातांचे, सहस्र तेजांनी झळाळणारे विश्वरूप. आईने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "आजी, तो जिमी हेंड्रिक्स आहे!" भाचा हसत सुटला. खरेच ते 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' या १९६७ च्या तबकडीचे वेष्टन होते. आपल्याकडे देवघरात लावतात तसल्या छापील विराटपुरुषाच्या चित्रावर हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार यांची तोंडे बसवून ते केलेले आहे. आई शांतपणे म्हणाली, "असेल बाबा. मी मागच्याला केला नमस्कार."

या दोघांत कोणाचे ओळखणे खरे? मला आईची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती केवळ माझी आई आहे म्हणून नव्हे. तिने जे ओळखले त्याच्याशी तिचा साठ-सत्तर वर्षांचा व्यवहार आहे. भाच्याचा हेंड्रिक्सशी व्यवहार आहे काय? असेल, गाणे ऐकले असेल तर. पण ज्यांनी ते वेष्टन रचले त्यांचा दोघांशीही नव्हता, असे म्हणावे लागते. हेंड्रिक्सला स्वतःला ते फारसे रुचले नव्हते. आपल्या घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे तिकडच्या 'इंडियनां'चे रक्त आहे असे तो मानी, आणि ते इंडियन दाखवले असते तर बरे झाले असते असे त्याचे म्हणणे. कोलंबसाची चूक पावणेपाचशे वर्षांनी पुन्हा झाली, एवढेच! पुढे २०१४ साली मलेशिया सरकारने या वेष्टनावर बंदी घातली. १९९७ साली एरोस्मिथ या बँडने कालियामर्दनाच्या चित्रात कृष्णाच्या खांद्यांवर मांजराचे डोके बसवले, तेव्हा हिंदूंनी हरकत घेतली आणि त्यांना क्षमा मागून वेष्टन बदलावे लागले. बंदीने काही साधते असे मला वाटत नाही. पण कोणाचे रूप उचलताना त्याला, निदान त्याच्या माणसांना, विचारावे की नाही?

बीटल्सनी विचारले होते. 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या तबकडीवर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी नामांकित माणसांच्या पुठ्ठ्याच्या आकृतींची गर्दी उभी केली. त्यांत हॅरिसनच्या आग्रहावरून परमहंस योगानंद, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि महावतार बाबाजी असे चार भारतीय सत्पुरुष आहेत. हयात असलेल्यांकडे परवानगी मागितली गेली. मे वेस्ट ही नटी आधी नाही म्हणाली, मग बीटल्सनी स्वतः पत्र लिहिल्यावर कबूल झाली. लिओ गॉर्सी या नटाने चारशे डॉलर मागितले, त्याला वगळले. गांधीजींची आकृती तयार होती, परंतु हिंदुस्थानात लोक रागावतील म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी ती काढायला लावली. या साऱ्या पत्रव्यवहारात मला एक जुने घरंदाज वळण दिसते. मात्र पुढे फुलांच्या वाफ्यात चार हातांची लक्ष्मीची एक बाहुली ठेवली आहे, तिला कोणी विचारल्याचे दिसत नाही. मी ती आईला दाखवली. लक्ष्मीपूजनाची बाई परदेशात फुलांत बसलेली पाहून ती खूश झाली.

आता त्या काटक्यांकडे वळतो. लेड झेपेलिनच्या चौथ्या तबकडीवर ना बँडचे नाव आहे, ना तबकडीचे. पापुद्रे निघालेल्या भिंतीवर टांगलेली एक तसबीर, आणि तिच्यात पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन वाकलेला एक दाढीवाला म्हातारा, एवढेच. गायक रॉबर्ट प्लांट याला ही तसबीर रेडिंग गावाजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली असे सांगतात. एकट्या अमेरिकेत या तबकडीच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. तेवढ्या घरांत तो म्हातारा गेला, आणि तो कोण हे बावन्न वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते. ते चित्र आहे असेच सगळे समजत होते.

२०२३ साली इंग्लंडमधल्या ब्रायन एडवर्ड्स या इतिहास-संशोधकाला एका जुन्या फोटोंच्या वहीत तोच म्हातारा भेटला. ते चित्र नव्हतेच, एका फोटोवर रंग चढवलेला होता. वही १८९२ ची, अर्नेस्ट नावाच्या कोणी आपल्या आत्याला की मावशीला (इंग्रजीत दोघी एकच!) भेट दिलेली. हस्ताक्षर ताडून पाहता तो लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये फोटोग्राफी शिकवणारा अर्नेस्ट फार्मर असावा असे ठरले. म्हणजे हाही मास्तरच! फोटोखाली त्याने लिहिले होते, विल्टशरमधला शाकारणारा. संशोधकांच्या मते त्या म्हाताऱ्याचे नाव लॉट लाँग. मीर या गावी एका लहानशा घरात राहणारा विधुर. फोटोनंतर वर्षभरातच, १८९३ साली, तो वारला. त्या काटक्या जळणासाठी नव्हत्या, छपराचे गवत घट्ट बसवायला लागतात त्या होत्या. ही बातमी वाचली तेव्हा मी तिचे कात्रण कापून ठेवले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने असे काही जपून ठेवावेच लागते. पण कात्रण जपण्याचे खरे कारण निराळे होते.

त्याच सुमारास आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माझ्या एका जुन्या तुकडीचा फोटो कोणीतरी मोठा करून आणला होता. "गुरुजी, ओळखा!" म्हणून सगळे भोवती जमले. मी भराभरा नावे सांगू लागलो. हा वक्तृत्वात पहिला आला तो, ही स्कॉलरशिपची, हा शाळेच्या आंब्यावरून पडला तो. टाळ्या पडत होत्या आणि मीही फुगत होतो. भज्यांची बशी घेऊन शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने शेवटच्या रांगेतल्या टोकाच्या मुलावर बोट ठेवून विचारले, "आणि हा?" मी चष्मा सरसावला, आणि म्हणालो, "हा आपल्या तुकडीतला नव्हे. फोटोच्या वेळी कोणी मध्येच घुसला असावा."

तो तरुण म्हणाला, "असेल, गुरुजी." आणि त्याने बशी माझ्यापुढे केली.

तो तोच होता, हे मला नंतर दुसऱ्याने सांगितले. तीन वर्षे तो माझ्यासमोर बसला होता. रोज सकाळी मी त्याचे नाव उच्चारीत होतो आणि तो 'हजर' म्हणत होता. विसरलो याचे मला तितके वाईट वाटत नाही. विसरणे हे वयाचे काम आहे. पण मला ओळखता येत नाही म्हणून तो तिथला नव्हेच, असा निवाडा मी दिला! बाकीच्यांना तरी मी कशावरून ओळखले होते? बक्षिसावरून, आंब्यावरून, रुपयाएवढ्या भोकातून. अन् हाच मी कादंबऱ्यांत माणसांची अंतःकरणे उलगडून दाखवतो, आणि लोक पत्रे पाठवून कौतुक करतात. मी जुने हजेरीपट काढून त्याचे नाव शोधले. एकाही दिवसाची गैरहजेरी नव्हती.

हे मी भाच्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने पुठ्ठा बाजूला ठेवला आणि ते सबंध वेष्टन मांडीवर घेऊन पाहू लागला. आईने चष्मा लावून वाकून विचारले, "हा कोण रे म्हातारा?"

"लॉट लाँग, आजी. विलायतेत घरे शाकारायचा."

"अगो बाई! आपल्याकडे यायचा तसाच आहे की!" आई तिथेच बसली. ती लग्न होऊन आली तेव्हा आमची पडवी आणि गोठा गवताचा होता. दरसाल मिरगाच्या आधी एक म्हातारा शाकारायला यायचा. तो चहात दूध घ्यायचा नाही, गुळाचा खडा मात्र मागून घ्यायचा. आढ्यावर बसून तो खालच्या पोरांशी बोलायचा, त्याच्या डाव्या हाताला एक बोट कमी होते, आणि एका वर्षी त्याच्याऐवजी त्याचा मुलगा आला, तेव्हा आजेसासूबाईंनी त्या मुलाला आधी जेवायला वाढले आणि मग काय झाले ते विचारले.

"त्याचं नाव काय, आजी?" भाच्याने विचारले.

आईने तोंड उघडले आणि ती थांबली. "अरे, असं काय करतंय... 'ध'वरून होतं काहीतरी. नाही, 'ध' त्याच्या मुलाचं." पणत्या लावायची वेळ झाली तरी ती आठवतच होती. तेलाचे भांडे हातात घेऊन तुळशीपाशी गेली, आणि तिथूनच तिने आम्हांला हाक मारून सांगितले की, दोन नावे डोक्यात येताहेत, पण त्यांतले एकही त्याचे नव्हे.