अंघोळ घालणाऱ्याचे शिक्षण

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी होणारी रोजची झटापट बहुतेक न्हाणीघरात होते. शांत बसलेले आजोबा अंघोळीच्या वेळी अचानक हात उगारतात, ओरडतात, कधी चावतात. अटेंडंटच्या वहीत 'पेशंट ॲग्रेसिव्ह' असा शेरा पडतो आणि पुढच्या भेटीत डॉक्टर झोपेची किंवा शांत करणारी गोळी वाढवून देतात. हाच प्रसंग आजोबांच्या बाजूने पाहा. कोणी अनोळखी माणूस अंगावरचे कपडे काढतो आहे, पायाखाली गार ओली फरशी आहे, मागून डोक्यावर तांब्या ओतला जातो आहे, आणि हे सगळे कशासाठी चालले आहे याची आठवण आजाराने पुसून टाकली आहे. अशा वेळी कोणीही धडधाकट माणूस हेच करील. आजोबांना आपला बचाव करता येतो, एवढाच त्या वागण्याचा अर्थ. हा अर्थ ओळखायला शिकवता येतो आणि तो ओळखणारा माणूस खाटेजवळ असला तर गोळीची गरज कमी होते. म्हणून परिचारिका आणि काळजीवाहकांचे प्रशिक्षण ही रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाची बाब न मानता उपचाराचा भाग मानली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

याला भावनेपेक्षा भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या 15 शुश्रूषागृहांत अंघोळीवरच एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2004मध्ये प्रसिद्ध झाले. अंघोळ घालणाऱ्या मदतनिसांना शिकवले ते असे : आधी बोला, पाणी हाताला लावून दाखवा, अंग झाकलेले ठेवा, डोके शेवटी घ्या, नाहीच जमले तर खाटेवरच कोमट ओल्या टॉवेलने अंग पुसून काढा. अशा शॉवरच्या अंघोळीने आक्रमक वागण्याचे प्रसंग 53 टक्क्यांनी, टॉवेलच्या पद्धतीने 60 टक्क्यांनी उतरले. 'एवढा वेळ कुणाला आहे?' हा वॉर्डातला ठरलेला प्रश्न. शॉवरच्या अंघोळीला सरासरी तीन-साडेतीन मिनिटे जास्त लागली. टॉवेलच्या अंघोळीला लक्षणीय जादा वेळ लागलाच नाही. झटापटीनंतर कपडे बदलण्यात आणि रुग्णाची समजूत काढण्यात जाणारा वेळ मात्र आपण कधी मोजत नाही.

गोळ्यांचा हिशेब तर अधिक गंभीर आहे. इंग्लंडच्या आरोग्य खात्यासाठी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी 2009मध्ये केलेल्या अहवालात अंदाज असा होता, की स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 1,80,000 रुग्णांना मनोविकारविरोधी औषधे दिली जातात. त्यांतल्या जेमतेम 36,000 जणांना काही फायदा होतो, आणि या औषधांपायी वर्षाला सुमारे 1,800 जादा मृत्यू होतात. त्याआधी, 2006मध्ये, तिथल्याच 12 शुश्रूषागृहांतल्या एका अभ्यासाने पर्याय दाखवून दिला होता. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि सोबत दिली गेली. वर्षअखेर तिथे अशी औषधे घेणारे रुग्ण 23 टक्के होते, तर इतर ठिकाणी 42 टक्के. औषधे कमी असूनही रुग्णांची अस्वस्थता वाढलेली दिसली नाही.

आपल्याकडे साठीपुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक घरीच असतात. त्यांना सांभाळते ती सून, लेक, नाहीतर बारा तासांच्या पाळीवर ब्युरोकडून आलेली मावशी. ताप, रक्तदाब, डायपर एवढे तिला ठाऊक असते. पण रात्री येरझारा घालणाऱ्या आजींना कदाचित बद्धकोष्ठ असेल किंवा लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला असेल, दारापुढचे काळे पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे दिसत असेल, हे तिला कोणी सांगितलेले नसते. 'आई कुठे आहे?' असे विचारणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंना 'ती केव्हाच गेली' असे सांगणे म्हणजे दर वेळी नव्याने सुतकात ढकलणे, हेही नाही. (पदवीधरांच्या घरांतही हे उत्तर सर्रास दिले जाते, तेव्हा दोष मावशीला द्यायला नको.) हे शिकायला पदवी लागत नाही, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तिथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांवर केलेली चाचणी 2008मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरोघरी पाठवले गेले. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने लक्षणीय कमी झाला.

'सेवा रक्तातच असावी लागते, ती काय शिकवायची?' असे म्हणणारे बरेच भेटतात. जीव लावणारी बाईसुद्धा पाणी मागूनच ओतते. माया असली म्हणून आजाराची समज आपोआप येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : प्रशिक्षण देऊनही काही बदलत नाही. इंग्लंडमध्ये 50 शुश्रूषागृहांत वागणुकीचे बारकाईने निरीक्षण करून काळजी सुधारण्याची पद्धत आजमावली गेली. रुग्णांची अस्वस्थता कमी झाली नाही, असे 2020मध्ये जाहीर झाले. पण बहुतेक ठिकाणी ती पद्धत ठरल्याप्रमाणे राबवलीच गेली नव्हती. शिकून आलेल्यांना कामातून मोकळीक नव्हती, वरिष्ठांचा पाठिंबा नव्हता. म्हणजे हा आक्षेप प्रशिक्षणापेक्षा व्यवस्थेला जास्त लागू पडतो. संशोधक क्लेअर सर (Surr) यांनी सहकाऱ्यांसह घेतलेल्या 2017च्या आढाव्यातही असेच दिसते : नुसती पुस्तिका किंवा संगणकावरचा पाठ फारसा उपयोगी पडत नाही, समोरासमोर, कामाशी जोडलेले, एकूण किमान आठ तासांचे शिक्षण टिकते. आठ तास, म्हणजे मावशीची एक पाळीही नाही.

शिकलेली माणसे निघून जातात, ही तक्रार मात्र खरी आहे. ती निघून जातात कारण शिकल्यावरही पगार तोच राहतो. तेव्हा खर्च कोणी करायचा हे टाळता येणार नाही. परिचर्येच्या अभ्यासक्रमात एक धडा वाढवून सरकारने सुटका करून घेऊ नये. वॉर्डातल्या आया आणि ब्युरोच्या मावश्या यांच्यापर्यंत, मराठीतून आणि पगारी वेळेत हे शिक्षण पोचले पाहिजे, आणि ते घेतलेल्यांचा दर वेगळा असला पाहिजे. ते होईपर्यंत ब्युरोला फोन कराल तेव्हा 'दर काय?' याच्या आधी 'स्मृतिभ्रंशाच्या पेशंटबद्दल तिला काय शिकवलंय?' हे विचारा, आणि शिकलेली मिळाली तर पैसे जास्त द्या.