उठायचे कशासाठी?

निवृत्तीनंतर रोज पहाटे हा प्रश्न मला छळू लागला. बारामतीत फजरच्या अजानमधून 'नमाज झोपेपेक्षा बेहतर' ही हाक कानी येई. तरी मी उत्साहाची वाट पाहत पडून राही.

एकदा इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ मुक्काम झाला. उजाडण्यापूर्वीच होड्या पाण्यात उतरल्या होत्या. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात इथली कित्येक शेते बुडाली. त्याच पाण्यावर आज अनेकांच्या चुली पेटतात. एका म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारले, "बाबा, रोज इतक्या पहाटे उठायचा कंटाळा येत नाही?"

"येतो की! पण जाळं सांजंलाच टाकल्यालं असतंय. ते काढाय नको व्हय?"

पोटासाठी उठणाऱ्याच्या कष्टांचे गोडवे गाण्याचा मला अधिकार नाही. पण माझी चूक उमगली. आनंद झाला की उठू, असे मी म्हणत होतो. माणसाला उठवते ती आदल्या दिवशी पत्करलेली जबाबदारी; आनंद भेटलाच तर उठल्यावर भेटतो.

परतल्यावर शेजारच्या दोन मुलांना पहाटे गणित शिकवण्याचा शब्द दिला. पहिल्या दिवशीही उत्साह नव्हताच. पण दारावर थाप पडली आणि मी उठलो.