पैसे दिलेत ना?

‘पैसे दिलेत ना आपण? मग झालं तर!’ हे वाक्य पुण्यात कुठेही ऐकू येतं. लिफ्ट बंद असताना पाचव्या मजल्यावर पार्सल घेऊन आलेल्या पोराबद्दल, सोसायटीच्या वॉचमनबद्दल, रविवारी बोलावलेल्या प्लंबरबद्दल. वाक्याचा अर्थ असा, की किंमत चुकती झाली की व्यवहार संपतो, आणि व्यवहार संपला की संबंधही संपतो. मला यातला पहिला भाग पटतो, दुसरा पटत नाही. का पटत नाही हे नीट मांडायचं, तर असं एखादं ठिकाण घ्यायला हवं जिथे सगळ्याचे पैसे आधीच भरलेले असतात. दोन रात्रींची मुंबई-गोवा क्रूझ हे तसं ठिकाण आहे.

गेल्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्यांना घेऊन गेलो. सकाळी पुण्याहून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, दुपारी जहाजात, संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे.

क्रूझवर केबिनचे साधारण चार प्रकार असतात. सगळ्यात स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की इतका अंधार, की सकाळ झाली हे मोबाइलवरूनच कळावं. मग खिडकीवाली; काच उघडत नाही, पण समुद्र दिसतो. मग बाल्कनीवाली, आणि सगळ्यांच्या वर स्वीट. बेड, बाथरूम, टॉवेल यांत उन्नीस-बीस फरक असतो. खरा फरक उजेडाचा. आम्ही खिडकीवाली घेतली. बाबा पहिला तासभर त्या काचेपाशीच बसून होते.

जेवण तिकिटातच धरलेलं असतं. बुफे आहे, टेबलावर आणून वाढणारा मोठा डायनिंग हॉल आहे, जैन जेवणाची वेगळी सोय आहे, रात्री उशिरापर्यंत काही ना काही चालूच आहे. दारू आणि स्पेशल रेस्टॉरंटचे पैसे वेगळे, पण तेही हातातून द्यावे लागत नाहीत. केबिनची किल्ली म्हणून दिलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं. आमच्या धंद्यात याला ‘फ्रिक्शन काढणं’ म्हणतात. वापरणाऱ्याला कुठेही थांबावं लागू नये, विचार करावा लागू नये. मी पोटासाठी हेच करतो, त्यामुळे ते किती छान जमवलंय हे मला चटकन दिसत होतं.

आता यात वाईट काय? प्रामाणिक उत्तर असं, की माझ्या आईकडे पाहिलं तर काहीच नाही.

आईने तीस वर्षं आमच्या घरात दोन वेळचा स्वयंपाक केला. नोकरी सांभाळून केला. बाहेरगावी गेलो तरी डब्यात थेपले आणि चिवडा तिनेच भरलेला असायचा. या जहाजावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर कुणीतरी गरम उपमा आणून ठेवला, ‘और कुछ लाऊँ आंटी?’ असं विचारलं, आणि ती दोन मिनिटं नुसती बसून राहिली. मग खाल्लं. चव कशी होती विचारल्यावर म्हणाली, “मीठ बेताचंच आहे, पण मला करावा नाही लागला.” चैनीवर तात्त्विक टीका करणाऱ्या प्रत्येकाने या वाक्याला आधी उत्तर द्यावं असं मला वाटतं. कष्ट करणाऱ्या माणसाला दोन दिवस आयतं मिळणं ही चांगली गोष्ट आहे. तिच्यात ‘पण’ शोधायची घाई करू नये.

तरी आईला सवय नडलीच. सकाळी केबिन साफ करायला येणारा मुलगा येण्याआधी ती चादरी घड्या घालून, उशा नीट लावून ठेवायची. तो दार्जिलिंगकडचा. हसून तिला म्हणाला, “आंटी, आप करेंगी तो मैं क्या करूँगा?” तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, आपला पसारा परक्या माणसाने उचलायचा म्हणजे कसंतरीच वाटतं.

ते कसंतरी वाटणं मला थोडं जास्त कळतं, कारण माझा मावसभाऊ हेच काम करतो. दादा रत्नागिरी जिल्ह्यातला, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, परदेशी फिरणाऱ्या मोठ्या क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोनेक महिने घरी. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला. तो राहतो खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास, एका सहकाऱ्यासोबत वाटून घेतलेल्या खोलीत. उजेडानुसार किंमत चढते, तसा तो राहायच्या मजल्यानुसार उतरतोही. वर बाल्कनी, मध्ये खिडकी, मग अंधारी केबिन आणि त्याखाली ती अंधारी केबिन झाडणारा माणूस.

त्याच्या कामाच्या तासांचा हिशोब मी एकदा करून पाहिला. दर्यावर्दी कामगारांसाठी २००६ सालचा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. कामाच्या तासांना आठवड्याला ७२ची कमाल मर्यादा घालायची किंवा विश्रांतीची किमान मर्यादा ठरवायची, असे दोन पर्याय त्यात आहेत. विश्रांतीची मर्यादा आहे २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की उरतात ९१.

आठवतंय ना, नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम करा म्हटल्यावर हिंजवडीपासून खराडीपर्यंत किती मीम्स फिरले? आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं तेव्हा? आपल्याला तो चेष्टेचा विषय वाटला. समुद्रावर त्याहून एक तास जास्त नियमात बसतो. तोही सलग आठ-नऊ महिने, आठवड्याची सुट्टी नसताना. शिवाय जहाजावर कायदा चालतो तो जहाज ज्या देशात नोंदलेलं त्या देशाचा. म्हणून पनामा, बहामास अशा देशांचे झेंडे जगभरच्या जहाजांवर दिसतात.

यावर नेहमीचा प्रतिवाद ठरलेला आहे: त्याने स्वतःहून निवडलंय आणि पगार चांगला आहे. आणि हा प्रतिवाद खोटा नाही. दादानेच मला तो ऐकवलाय. त्या पगारावर गावात स्लॅबचं घर उभं राहिलं, धाकट्या बहिणीचं नर्सिंग झालं. क्रूझवर जायचं म्हणून मी जरा चाचरत त्याला सांगितलं, तर तो मोठ्याने हसला. “तुम्ही नाही आलात तर आम्ही काय वाळू उपसायची?” बहिष्कार टाकून माझं मन स्वच्छ होईल, त्याची नोकरी जाईल. असल्या स्वच्छतेत मला रस नाही.

मग प्रश्न नेमका काय आहे? माझ्या मते, तो न दिसण्याचा आहे.

याच समुद्रातून माझ्या आईचे वडील आगबोटीने मुंबईला यायचे. कोकण किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी चालायच्या: मुंबई, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं, पणजी. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून जाऊन हिंदकळत वर चढायची. चाकरमानी डेकवर, वळकटी पसरून, ट्रंकेला टेकून. कुणाला बोट लागलेली, कुणाची पोरं रडताहेत. वरच्या वर्गाला केबिन. ती विषमता उघडी होती. केबिनमधला माणूस बाहेर आला की डेकवरच्यांना ओलांडूनच जायचा. आणि या किनाऱ्याने नुसते प्रवासी पाठवले नाहीत, राबणारे हातही पाठवले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गोव्याची माणसं असायची, खलाशांत रत्नागिरी किनाऱ्यावरची. गावी जाता-येता उतरायला गोवेकरांनी मुंबईत धोबीतलावाजवळ गावागावांच्या ‘कूड’ काढल्या होत्या.

१९९८च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीची गरज संपली. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा जहाज परत आलं ते ‘आंग्रिया’च्या रूपाने, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. आता ते गरज म्हणून नव्हतं, मौज म्हणून होतं. तोच मार्ग, तेच पाणी. आमचं जहाज रात्री दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला अंधारात कुठेतरी रत्नागिरी होतं, आणि डेकवर डीजे चालू होता.

या नव्या जहाजावर डेक सगळ्यांचा आहे. बिनखिडकीवाला आणि स्वीटवाला एकाच बुफेच्या रांगेत उभे राहतात. मला ते आवडलं. पण विषमता नाहीशी झालेली नाही, तिला ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेला दरवाजा बसवलाय. त्यामागे वेगळे जिने, वेगळा मेस, वेगळा दिवस. आजोबांच्या काळी पैसेवाल्याला गरिबाकडे बघायचं नसेल तर मान वळवावी लागायची. आता मान वळवायचे कष्टही तिकिटात धरलेले आहेत.

हा दरवाजा एकदा जगाने उघडा पाहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज कोरोनामुळे अडकलं. जहाजावर ३७११ माणसं, त्यांपैकी १०४५ कर्मचारी. प्रवाशांनी आपापल्या केबिनमध्ये थांबायचं ठरलं. पण केबिनमध्ये थांबलेल्याला जेवण कुणीतरी दारात आणून द्यावं लागतं. ते कर्मचारी देत राहिले, आणि रात्री वाटून घेतलेल्या खोल्यांत परतत राहिले. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी ६ आणि कर्मचारी १३२.

कुणा एकाला यात खलनायक करायची गरज नाही. पुढच्याच महिन्यात आपण पुण्यात तेच केलं. सोसायट्यांची गेटं बंद केली आणि गेटाबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडून भाजी घेतली. एकाने आत राहायचं तर दुसऱ्याला बाहेर फिरावं लागतं. बाहेर फिरणाऱ्याला आपण त्या फेरीचे पैसे दिले होते. त्या जोखमीचे दिले होते का, आणि तिची किंमत ठरवायची कशी, हे आजही मला सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं, की ‘पैसे दिलेत, झालं’ हे वाक्य त्या दिवसांत कुणाच्या तोंडून धडपणे निघत नव्हतं. आपण थाळ्या वाजवत होतो. थाळी वाजवण्यात बाकी काही असो-नसो, हिशोब पुरा झालेला नाही याची कबुली होती.

आमच्या घरात जेवण झाल्यावर आई ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणते. जहाजावरही म्हणाली. बाबांनी चेष्टा केली, “इथे अन्नदाता म्हणजे आपले चिरंजीव, क्रेडिट कार्डवाले.” आई म्हणाली, “कार्डाने पोळ्या लाटल्या का?”

मला वाटतं, सगळा मुद्दा एवढाच आहे. पैसे देणं ही अट आहे, ती पाळलीच पाहिजे. पण पैशाने आपण काम विकत घेतो. ते करणाऱ्याला अदृश्य करायचा हक्क विकत घेत नाही. चैन करताना अपराधी वाटून घेतल्याने कुणाचा तासभर वाचत नाही, उलट आपल्याच मनाची शुद्धता कुरवाळत बसायला होतं. त्यापेक्षा माणूस दिसत राहावा, आणि दिसल्यामुळे आपलं वागणं थोडं बदलावं. फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी चार देताना समोरच्यासाठी चार म्हणजे बहुतेक वेळा नापास, हे माहीत असावं. ताटात तेवढंच घ्यावं जेवढं संपेल. जेवण दहा मिनिटं उशिरा आलं तर ती दहा मिनिटं आपलीही असू शकतात.

आणि जे माझ्यासारखे पडद्याच्या मागे काम करतात, त्यांच्यावर थोडी जास्त जबाबदारी येते, कारण तो दरवाजा आम्ही बांधतो. सध्या आमची टीम हॉटेलांच्या हाउसकीपिंगसाठी एक डॅशबोर्ड करतेय. क्लायंटने पाठवलेल्या डिझाइनमध्ये कर्मचारी खोली साफ करत असेल तर हिरवा ठिपका, आणि दोन खोल्यांच्या मध्ये थांबला असेल तर लाल, त्याखाली ‘आयडल’. जेवायला बसला तरी लाल. मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं, की विश्रांतीचा वेगळा रंग हवा, आणि ठरलेली विश्रांती मिळाली नाही तर त्याचा इशारा मॅनेजरला गेला पाहिजे. टीम लीडचं उत्तर आलं, ‘नाइस टु हॅव. क्लायंट याचे पैसे देणार नाही.’

ते खरंच आहे, पैसे मिळणार नाहीत. टिकेट मी बंद केलेलं नाही. पुढच्या डेमोमध्ये क्लायंटसमोर ते स्वतः मांडायचं ठरवलंय, आणि बरोबर ७७ तासांचा तो आकडाही नेणार आहे.