गाडी ठेवावी की सोडावी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेले काही गुरुवार आरतीनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आमच्यापुढे येतो आहे. "घरची गाडी जुनी झालीय, सारखी बंद पडते. दुरुस्त करत राहावं, की बदलून टाकावी?" विचारणारे बहुतेक जण आधी हसतात, असला प्रश्न सत्संगात कसा काढायचा म्हणून. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपण सगळे संसारी माणसं. समर्थांनी दासबोधात प्रपंच टाकून पळून जायला सांगितलेलं नाही, तो सावधपणे करायला सांगितला आहे. ज्या निर्णयावरून घरात चार-चार दिवस अबोला धरला जातो, आयुष्यभराची बचत हलते आणि लेकराबाळांचा जीव ज्यावर अवलंबून असतो, तो निर्णय परमार्थाच्या बाहेरचा कसा म्हणावा?

बेळगावच्या एका कुटुंबाने आपली हकिगत सर्वांना सांगायला परवानगी दिली आहे. नाव देत नाही.

घरच्या आजोबांनी 2007 साली निवृत्तीच्या पैशातून एक छोटी गाडी घेतली. त्याच गाडीतून मुलगा नवरदेव होऊन गेला, त्याच गाडीतून नातवंडं दवाखान्यातून घरी आली, आणि कितीतरी पौर्णिमा तिने सगळ्यांना नरसोबावाडीला नेलं. 2022 मध्ये 15 वर्षं झाली, तेव्हा आजोबांनी आरटीओत तपासणी करून पुढच्या 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणली. पण गेलं वर्ष कठीण गेलं. रेडिएटर, सेल्फ, क्लच, बॅटरी, दर दोन महिन्यांनी गॅरेज. आणि पावसाळ्यात फोंड्याला नातेवाइकांकडे जाताना कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात गाडी तापून बंद पडली. धुकं, पाऊस, मोबाईलला रेंज नाही, गाडीत दोन मुलं. जवळजवळ दोन तास. मागून येणारा प्रत्येक ट्रक जवळून जाताना वहिनींनी मुलांना घट्ट धरून ठेवलं होतं.

घरी आल्यावर वाद पेटला. मुलाने एक मोठी, उंच गाडी हेरून ठेवली होती, फक्त बुकिंग करायचं बाकी होतं. आजोबा म्हणाले, "या गाडीने मला कधी दगा दिला नाही. जुनी झाली म्हणून काढताय, उद्या मी जुना झालो की मलाही काढा." यावर कोण काय बोलणार? सगळे गप्प झाले. पण गप्प बसल्याने प्रश्न सुटला नव्हता.

आधी आजोबांच्या बोलण्याचा विचार करू, कारण ते वाक्य आपल्या अनेक घरांत बोललं जातं. काही ठिकाणी ते बोललं जात नाही, नुसतं मनात राहतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टांत आहे. आपण तो बहुधा कुणी गेल्यावर ऐकतो. पण त्यात जगणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. वस्त्र वेगळं आणि ते नेसणारा वेगळा. वस्तूची किंमत ती देते त्या सेवेत असते. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही. म्हणून गाडी काढणं म्हणजे वडीलधाऱ्यांना काढणं नव्हे. हे घरातल्या तरुणांनी नुसतं समजून चालत नाही, आजोबांना ते आपल्या वागण्यातून दिसायलाही हवं. त्या मुलाने वडिलांना न विचारता गाडी हेरली, तिथेच अर्धं दुखणं होतं.

आता निर्णय कसा करावा? गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तामस, राजस आणि सात्त्विक असे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथे विषय कर्माच्या त्यागाचा आहे, वस्तूंचा नाही. पण ती कसोटी इथेही लागू पडते. आपलं कर्तव्य मोहापोटी सोडून देणं हा तामस त्याग. आजोबांचं गाडीवर प्रेम होतं, पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी ती खालून उचलून तपासून घेतली नव्हती. चालतेय तोवर चालू दे. प्रेमाच्या नावाखाली कर्तव्य सुटलं होतं. त्रास होतो म्हणून कर्तव्य सोडणं हा राजस त्याग. मुलाला गॅरेजची कटकट नको होती आणि शेजारच्यांच्या दारात उभी असते तशी गाडी हवी होती. कष्ट टाळले, पण त्या त्यागाचं फळ मिळत नाही. फार तर कटकटीच्या जागी हप्ते येतात. आणि जे करायला हवं ते आसक्ती न ठेवता करणं, हा सात्त्विक मार्ग. एका घरात पहिले दोन्ही प्रकार समोरासमोर उभे होते, आणि दोघांनाही आपणच बरोबर वाटत होतं.

मग करायला हवं ते काय होतं? आम्ही त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली, गाडी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार आहे त्याला नको, आणि ज्याला नवी गाडी विकायची आहे त्यालाही नको. त्याची फी द्या आणि खरं काय ते विचारा. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. त्यात एक भेद ध्यानात ठेवा. बॅटरी, टायर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे झिजायचेच. नव्या गाडीचेही झिजतात. त्यांचा खर्च आला म्हणून गाडी मेली असं नाही. पण चासी गंजली, खालचा पत्रा सडला, ब्रेक ऑईलच्या नळ्या खाल्ल्या गेल्या, स्टिअरिंगमध्ये ढिलाई आली, तर तो वेगळा विषय. तो खर्चाचा प्रश्न राहत नाही, तो जिवाचा प्रश्न होतो.

दुसरी, कागद घेऊन हिशोब करा. त्या घराने वर्षभरात गाडीवर 54,000 रुपये घातले होते, म्हणजे महिन्याला 4,500. मुलाला हवी ती गाडी घ्यायला समजा 6 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी काढलं, तर हप्ता महिना सुमारे 12,600 रुपये, आणि पाच वर्षांत फेड साडेसात लाखांच्या वर. नव्या गाडीचा विमाही महाग. नुसत्या पैशाने पाहिलं तर हिशोब आजोबांच्या बाजूने निघाला. मुलगा थोडा हिरमुसला.

इथे आजोबा एक वाक्य बोलले, "आणि एवढे 54,000 घातलेत, ते आता वाया घालवायचे का?" बंधूंनो, हे मन आपल्या सगळ्यांचं आहे. गेलेला पैसा हे प्रारब्ध. तो गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि सोडली तरी परत येत नाही. आपल्या हातात आहे ते क्रियमाण, म्हणजे पुढचा रुपया कुठे जाणार. मागच्या बिलाकडे बघून पुढचं बिल भरू नये.

तिसरी, गाडीत कोण बसतं ते लिहा. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे. आणि आत बसलेला रथी आहे आत्मा. रथाची सगळी काळजी त्या आत बसलेल्यासाठी घ्यायची. आपण मात्र रथाचंच कौतुक करत बसतो, जुन्याचं तरी नाहीतर नव्याचं तरी. त्या कागदावर वहिनींनी लिहिलं, "दोन मुलं. रोज शाळा. महिन्यातून एकदा घाट." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नवी हवीच असं नाही आणि जुनी नकोच असंही नाही. मुलांना घेऊन निघताना पोटात गोळा येऊ नये.

मिस्त्रीने गाडी वर घेतली. बेळगावचा पाऊस, गोव्याच्या फेऱ्यांतली खारी हवा, खाली साचून राहिलेला चिखल, यांनी आपलं काम केलं होतं. मागच्या बाजूला चासी गंजून पापुद्रे सुटले होते, ब्रेकच्या नळ्या गंजल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो, पासिंगपुरतं चालेल. पण माझी मुलं मी यात घाटात नेणार नाही." आजोबांनी स्वतः वाकून बोट लावून पाहिलं. नंतर त्यांनीच विषय मिटवला.

खरी परीक्षा त्यानंतर आली. गाडी सोडायची, पण कुणाच्या हाती? आजोबा मोठ्या भावाने आमच्याकडे आले आणि म्हणाले, "आश्रमाला अर्पण करतो. अन्नदानाची भाजी आणायला होईल." आम्ही त्यांना नचिकेताची गोष्ट आठवून दिली. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व दान करायचं ठरवलं आणि दान दिल्या त्या म्हाताऱ्या गाई, ज्यांचं दूध आटलं होतं आणि वितीही थांबली होती. ते पाहून लहानग्या नचिकेताला राहवलं नाही. असल्या दानाने बाप कुठल्या लोकाला जाईल, ही त्याची काळजी होती. ज्या गाडीत आपली मुलं बसवत नाही, त्या गाडीत आश्रमाचा सेवेकरी बसवायचा का? आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "माझ्या ध्यानात नाही आलं." आम्ही त्यांना नमस्कार केला. एवढ्या वयात असं म्हणता येणं सोपं नाही.

मग एक एजंट आला. खालून काळा रंग मारून देतो, 65,000 देतो म्हणाला. भंगारात त्याच्या निम्मेही येत नव्हते. घरात पुन्हा चलबिचल. तेव्हा वहिनी बोलल्या, "ती मग कुणाची मुलं घेऊन चोर्ल्यातून जाईल?" त्यावर कुणी काही बोललं नाही. गाडी टोचन करून अधिकृत भंगार केंद्रात गेली. डॅशबोर्डवरची दत्तगुरूंची तसबीर तेवढी आजोबांनी काढून देवघरात ठेवली. बुकिंग झालं नाही. बचतीतून आणि थोड्या कर्जातून सहा वर्षांची एक लहान गाडी घेतली, तीही आधी रॅम्पवर चढवून.

याचा अर्थ जुनी गाडी काढावीच, असा कुणी घेऊ नये. वडोद्याच्या एका घराची गाडी 16 वर्षांची. त्यांनीही हेच तिन्ही केलं. तिथे पाऊस कमी, चासी कोरडी ठणठणीत, दोष निघाला थर्मोस्टॅट आणि फॅनच्या मोटरचा. थोड्या खर्चात काम झालं. शेजारी नव्या गाडीचे पेढे वाटत असताना ते जुन्याच गाडीतून आनंदाने सत्संगाला येतात. दोन्ही घरांचे निर्णय उलट, पण दोन्ही बरोबर. कारण दोन्ही घरांनी आधी खरं काय आहे ते पाहिलं आणि मग ठरवलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. गाडी विकत असाल तर फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवरचं नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. दोष असेल तो घेणाऱ्याला तोंडावर सांगा. त्याने किंमत पाडली तर पाडू दे. आणि भंगारात देत असाल तर सरकारमान्य केंद्रातच द्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मागून घ्या. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. आपल्या राज्यात किती मिळते ते आरटीओत विचारा.

ज्यांच्या घरात हा प्रश्न चालू आहे त्यांनी येत्या रविवारी एकत्र बसावं. बसण्याआधी पाच मिनिटं नामस्मरण करावं. घरातल्या सर्वांत ज्येष्ठाला आधी बोलू द्यावं, आणि मुलांना घेऊन जी सर्वांत जास्त प्रवास करते तिचं म्हणणं शेवटी नको, मध्ये नको, दुसऱ्या क्रमांकाला ऐकावं. मग मिस्त्रीकडे जाण्याचा दिवस ठरवावा. तोवर घाटात जाणं टाळावं.

सर्वांचे प्रवास सुखरूप होवोत, ही सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

(आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर पाठवावे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावे.)