सोना खयसून येता?

शिरोड्याच्या मिठागरांच्या बांधावर चैत्र-वैशाखात उभं राहिलं की डोळे दिपतात. खारं पाणी उन्हाने आटत जातं, तळाशी मीठ धरतं आणि ते ओढून बांधावर ढीग घालतात. माझी भाची तिथेच बसून मिठाचा खडा जिभेला लावत होती. तिने विचारलं, "मामा, मीठ दर्यातसून येता, मगे सोना खयसून येता?" खाणीतून, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग खाणीत कुठून, असं तिने विचारलंच असतं, आणि त्या प्रश्नावर तीन पिढ्यांच्या शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली आहेत.

मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा न्यूट्रॉन सापडलाही नव्हता. १९३२ मध्ये जेम्स चॅडविकने तो दाखवला. दोनच वर्षांनी, वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते त्याच काळात, वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुपरनोव्हाचा अर्थ लावला: अजस्र तारा कोसळतो, फुटतो आणि मागे न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, उरतो. सोन्याचा धागा याच दोन गोष्टींत होता, पण तो हाती यायला वेळ लागला.

१९४०च्या दशकात जॉर्ज गॅमो आणि राल्फ आल्फर यांचं म्हणणं होतं की सगळी मूलद्रव्यं विश्वाच्या आरंभीच, काही मिनिटांत शिजली. फ्रेड हॉईलचं मत होतं, ती ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. १९५२ मध्ये पॉल मेरिलला काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम दिसलं. हे मूलद्रव्य काही लाख वर्षांत विरून जातं आणि तारे तर त्याहून कितीतरी म्हातारे. म्हणजे ते तिथेच, नुकतंच तयार झालेलं असणार. या वादातला हा पुरावा मला सर्वांत देखणा वाटतो.

१९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल या चौघांचा, मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी घडतात यावरचा मोठा निबंध आला. अल् कॅमेरॉनने स्वतंत्रपणे तेच मांडलं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर त्याच वर्षी केंब्रिजला पोचले आणि पुढे हॉईल यांचेच विद्यार्थी झाले. ताऱ्यांच्या पोटातल्या या घडामोडी आम्ही मराठीतून वाचल्या, त्याचं मोठं श्रेय नारळीकरांना आहे.

निबंधातला मुद्दा समजून घ्यायला शिरोड्याहून रेडीला जावं. तिथली खाण लोहखनिजाची. वाटेवरची झाडंसुद्धा लाल धुळीने माखलेली. ताऱ्याच्या गाभ्यात हलकी अणुकेंद्रं जुळत जातात आणि प्रत्येक जुळणीला ऊर्जा सुटते. मिठातले सोडियम आणि क्लोरीन असेच मोठ्या ताऱ्यांत तयार झाले. लोखंडापाशी मात्र हा हिशेब उलटा होतो. त्यापुढे जुळणी करायची तर ऊर्जा पदरची घालावी लागते. गाभ्यात लोखंड साचलं की आधार जातो आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

मग २६ व्या क्रमांकाच्या लोखंडापुढे ७९ व्या सोन्यापर्यंत जायचं कसं? न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून अणुकेंद्र त्याला दूर लोटत नाही. तो आत शिरतो आणि पुढे प्रोटॉनमध्ये बदलतो, म्हणजे मूलद्रव्याचा क्रमांक एकाने चढतो. म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांत हे सावकाश घडतं. पण सोनं, प्लॅटिनम, युरेनियम आणि आपल्या बांगडा माशातलं आयोडीन, यांना न्यूट्रॉनांचा अक्षरशः पाऊस लागतो. सगळा खेळ एखाद्या सेकंदात.

हा पाऊस सुपरनोव्हात पडतो, असं त्या चौघांनी धरलं. कारणही दिलं. एका सुपरनोव्हाचा प्रकाश दर ५५ दिवसांनी निम्मा होत होता. १९५२ च्या हायड्रोजन बॉम्बच्या राखेत सापडलेल्या कॅलिफोर्नियम-२५४ चं अर्धायुष्यही जवळपास तेवढंच. मेळ सुंदर होता, पण चुकीचा निघाला. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला, तेव्हा ती चमक कोबाल्ट-५६ची असल्याचं स्पष्ट झालं. शिवाय गणितंही सांगू लागली की साध्या सुपरनोव्हात न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या माऱ्यामुळे पुरेसे न्यूट्रॉन शिल्लकच राहत नाहीत.

सोनं 'कसं' तयार होतं हे त्या निबंधात आलं ते आजही टिकून आहे. 'कुठे' हे मात्र ढळलं. कसं आणि कुठे यांची अशी फारकत करता आली, म्हणूनच एक भाग पडल्यावर दुसरा उभा राहिला, असं मला वाटतं.

१९७४ मध्ये लॅटिमर आणि श्रॅम या शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉन ताऱ्याच्या टकरीकडे बोट दाखवलं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर गुरुत्वीय लहरींतून पकडली गेली. तिच्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणा होत्या. २०१९ मध्ये त्यातलं स्ट्राँशियम ओळखलं गेलं. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या जागेहून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. तरी टकरी एकट्या पुरतात का, याबद्दल एकमत नाही. वेगाने फिरत कोसळणारे विरळा तारे हाही उगम असावा. आणि २००४ मध्ये भडकलेल्या एका अतिचुंबकी न्यूट्रॉन ताऱ्याच्या जुन्या नोंदींतून २०२५ मध्ये तिसरा उगम समोर आला.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगितली. पॅसिफिकच्या तळावरचं, लाखो वर्षं कणाकणाने वाढलेलं कवच शास्त्रज्ञांनी थराथराने तपासलं. त्यात सुपरनोव्हातून आलेलं लोखंड-६० सापडलं आणि २०२१ मध्ये त्याच थरांत प्लुटोनियम-२४४ चे मोजके अणू सापडले. सोन्यासारखाच न्यूट्रॉनांच्या पावसातून आलेला, आकाशातून पडून तळाशी बसलेला ऐवज. पण सगळं जडद्रव्य साध्या सुपरनोव्हातच घडत असतं तर सापडायला हवं होतं, त्याहून कमीच.

ती मिठाच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "म्हणजे ताय दर्यातसूनच कळला."